मॅडमचा होल्ड

"होल्ड!" मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांचंच कोपर धरलं.

टेबलावर एक पैलवानी अंगाचा गडी उघड्या पाठीनं बसला होता. त्याच्या कण्यात भुलीची सुई द्यायची होती. मॅडमनी घड्याळ लावून हात घासले होते, उकडून वाळवलेला झगा चढवला होता, हातमोजे घातले होते. आणि माझ्या फिनेलचा वास मारणाऱ्या हातात आता त्यांचं कोपर गच्च. सिस्टर साळवे ओरडल्या.

"अगं सोड! त्यांना नाही, त्याला धर! पेशंटला!"

मी सोडलं. मॅडमनी झगा उतरवला, मोजे काढले आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला गेल्या. गडी तेवढा वेळ तसाच बसून राहिला.

"चालू द्या तुमचं," तो मला म्हणाला. "मला काय घाई न्हाई."

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. नगर-बीड रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात तेव्हा मिशनचा वीस खाटांचा दवाखाना होता आणि मी तिथं धुण्याला होते. ऑपरेशन थिएटरमध्ये हाताखाली असणारा माणूस पुण्याला एका कारखान्यात चिकटला आणि एका सकाळी यायचाच बंद झाला. ऑपरेशन तर ठरलेलं. सिस्टर साळवेंनी इकडंतिकडं पाहिलं, समोर मी दिसले, चादरी पिळताना. "चल आत," त्या म्हणाल्या. मी आत गेले आणि पहिल्याच दिवशी हा पराक्रम करून बसले.

मी द्वारका, विभूत्यांची सून. जातीची कासारीण. नवऱ्याचा पाय मोडला, बांगड्यांची पेटी घेऊन बाजार फिरणं त्याला जमेना, म्हणून मी दवाखान्यात लागले. पण नवव्या वर्षापासून मी बायकांचे हात हातात घेत आले होते. नव्या नवरीचे, बाळंतिणीचे, म्हाताऱ्यांचे, रागावून आलेल्यांचे. हात बघून मी सांगायची, ही बाई आज जेवलेली नाही, हिला दिवस गेलेत, हिचं घरात भांडण झालंय. माझ्याकडून बांगड्या भरून घेतलेली बाई कधी 'आई गं' म्हणाली नाही. हा माझा तोरा समजा, पण तो खरा आहे.

सिस्टर मार्था साळवे मात्र त्या दिवशी चांगल्याच संतापल्या होत्या. नगरच्या, कडक इस्त्रीच्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या बाई. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, एक तारखेला नगरहून शिकलेला माणूस येतोय. सर्टिफिकेटवाला. तोवर कसंतरी निभावून ने. मग तू आणि तुझ्या चादरी. कासारणीचं काय काम गं थिएटरात?"

मला ते बोलणं लागलं. धुण्याच्या दगडावर कोणाचेही हात चालतात. थिएटरात मात्र माझ्या हातांना पुन्हा त्यांचं स्वतःचं काम मिळालं होतं. मला ती जागा पाहिजे होती. सरळच सांगते, हावऱ्यासारखी पाहिजे होती. आणि हातात होते जेमतेम तीन आठवडे.

मॅडम म्हणजे डॉक्टर अन्नम्मा. केरळच्या. आठ वर्षं इकडे राहूनही त्यांच्या मराठीत पोट 'दुखतो' आणि ताप 'आली'. ऑपरेशन सुरू झालं की तेवढीही मराठी संपायची. मग उरायचा एक शब्द, होल्ड. तळहात पुढे करून म्हटलेला होल्ड म्हणजे थांब. मान खाली घालून, हळूच म्हटलेला होल्ड म्हणजे हा वाकडा पत्रा घे आणि पोटाची कड मागे ओढून धर. पेशंटकडे बघून म्हटला की त्यानं श्वास रोखायचा. सिस्टरांकडे कागद सरकवून म्हटला की ते औषध तूर्त द्यायचं नाही. टेलिफोनवर म्हटला की पलीकडच्यानं ताटकळत बसायचं. आणि एखाद्या घाबरलेल्या बाईच्या उशाशी म्हटला, तर तिचा हात धरून नुसतं उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

सिस्टरांना वाटायचं, हे सगळं या अडाणी बाईच्या डोक्यात कसं शिरणार. मला त्यात अवघड काय तेच कळेना. आपण काय थोडं धरतो? उपास धरतो, अबोला धरतो, पोरं हट्ट धरतात, थंडीत पाठ धरते, आंब्याला फळ धरतं, सासू सुनेला धारेवर धरते आणि शेजारीण येऊन धीर धर म्हणते. कोण कोणाला कधी म्हणतंय एवढं बघितलं की झालं. तीन आठवड्यांत मॅडमचे सगळे होल्ड मी ओळखायला लागले. वाकडा पत्रा तासभर हलू न देता धरायला लागले. कोपर पुन्हा कोणाचं धरलं नाही. पण नगरचा माणूस यायचा तो येणारच होता.

एकोणतीस तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दवाखान्याच्या फाटकात एक जीप थांबली. मागच्या बाकावर यमुना आडवी होती. वय बाविशीचं, तिसरी खेप. पहिली दोन्ही बाळं जगली नव्हती. दोन दिवस घरी कळा देऊन ती दमून गेली होती. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, ओठ कोरडे. बरोबर नवरा आणि सासू, गिरजाबाई.

मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, "पोट कापून बाळ काढायचा. आत्ता."

गिरजाबाईंनी त्याला हो म्हटलं. नवऱ्यानं अंगठा दिला. तिथंवर सगळं सरळ झालं. थिएटरच्या दारात मात्र गाडी अडली.

यमुनाच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, मनगटापासून वर गच्च भरलेल्या. सुजेनं हात असे फुगले होते की बांगड्या मांसात रुतल्या होत्या. शिरेत सुई घालायला जागा नाही. पायाला शीर सापडेना. सिस्टरांनी एका हातात फडकं घेतलं, दुसऱ्या हातात जाड चिमटा. बांगडीवर फडकं ठेवायचं आणि चिमट्यानं दाबायचं, दोन मिनिटांचं काम. ते बघितलं आणि त्या अर्धमेल्या पोरीनं हात असा हिसडला की चिमटा खाली पडला.

"न्हाई! माझ्या बांगड्यांना हात लावू नका!"

गिरजाबाई तर दारात आडव्याच उभ्या राहिल्या. "सातव्या महिन्यात चोळी केली तवा भरल्यात त्या. मागल्या खेपंला अशाच वाढविल्या, अन् त्याच रातीला पोरगं गेलं. आता न्हाई वाढवू द्यायची मी."

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या संतापातही म्हातारीनं शब्द पाळला होता.

"आजी, अहो बांगड्या मोठ्या का सून मोठी?" सिस्टर ओरडल्या.

"सून मोठी म्हनूनच म्हन्ते!"

दोघीही खऱ्याच होत्या. सिस्टरांना वेळ दिसत होता आणि म्हातारीला मागचं पोर. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. यमुनानं दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते आणि ती हमसून रडत होती. रडण्यानं तिचा दम आणखी लागत होता.

मी पुढे झाले. "मॅडम, मी काढते. एकही वाढणार नाही."

मॅडमना वाढणं कळलं नाही. सिस्टर चिडून म्हणाल्या, "म्हणतेय एकही न फोडता काढीन. मॅडम, हात बघा केवढा सुजलाय. शक्य नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग पाच बोटं दाखवली. "फाईव्ह मिनिट." आणि चिमटा उचलायला वाकलेल्या सिस्टरांपुढे तळहात धरला. "होल्ड."

मी साबणाचं पाणी मागितलं आणि एक लांब ओली पट्टी. यमुनाच्या उशाशी गेले. तिचा उजवा हात मागितला नाही, ओढलाही नाही. माझा हात पुढे करून नुसती उभी राहिले.

"मी कासारीण हाय," मी म्हटलं. "ही नर्सची टोपी बघू नको. माझं काम भरायचं. वाढवायचं न्हाई."

तिनं माझे हात बघितले. कासाराचे हात बायकांना बरोबर कळतात. तिनं उजवा हात दिला.

हात आधी डोक्याच्या वर उंच करून धरला, म्हणजे सूज थोडी उतरते. मग बोटांच्या टोकापासून ओली पट्टी आवळत आणली आणि हळूहळू सोडली. तेवढ्यात बोलणं सुरू केलं, कारण अर्धी बांगडी बोलण्यानं सरकते. घाबरलेल्या बाईचा हात लाकूड होतो. तिचं मन दुसरीकडं गेलं की हात आपोआप सैलावतो.

"माहेर कुठलं तुझं?"

"टाकळी."

"बाजार कोणत्या वारी?"

"शुक्करवारी."

"मग कासार कोण येतो तुमच्यात?"

"एक म्हातारा येतो. एका डोळ्यानं अधू हाय."

"अगं, तो माझा मामा!" मी म्हटलं. माझा तो कोणीही नव्हता. "अजून बायकांना दोन-दोन घटका बसवून ठेवतो का?"

यमुना त्या कळांतही हसली. "लई बोलतो त्यो."

ती हसली आणि पहिली बांगडी निघाली. अंगठा आत करंगळीच्या मुळाशी घ्यायचा, बोटांच्या गाठी एकावर एक बसवायच्या, आणि हाडं एका क्षणापुरती अरुंद होतात तेव्हाच सरकवायचं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो किंचित नरम पडतो, तेव्हा तुमच्या बोटाला कळतो. बाई तोंडानं म्हणते, हात ढिला केलाय. पण तो उंचवटा खरं सांगतो. दुसरी निघाली, पाचवी निघाली. उजव्या हातातल्या बारा झाल्या. सिस्टरांनी त्या हातात सुई घातली आणि सलाईन सुरू केलं. डाव्या हातातल्या अकरा मी एकेक करून गिरजाबाईंच्या पदरात टाकल्या. शेवटची फारच रुतलेली होती. तिला दोनदा साबण लावला, तिसऱ्यांदा ती आली. एकूण तेवीस. एकीवर साधा चराही नाही. पाचाची सात मिनिटं झाली होती, तरी मॅडमनी मला थांबवलं नव्हतं.

म्हातारी दारातून बाजूला झाली.

यमुनाला टेबलावर घेतलं. भुलीच्या सुईसाठी मी तिला कुशीवर वळवून तिचं डोकं आणि गुडघे पोटाशी आवळून धरले. मग हात धुतले, झगा घातला, मोजे घातले. मॅडमनी पोट उघडलं. मी वाकडा पत्रा घेऊन समोर उभी. सिस्टर हत्यारं देत होत्या. धाकटी नर्स बाळाला घ्यायला तयार होती. बाळ निघालं ते निळंजांभळं, गप्प. धाकट्या नर्सनं त्याला बाजूच्या टेबलावर नेलं, तोंडातून काय काय ओढून काढलं, पाठ चोळली. आम्ही सगळ्या कान देऊन. मग ते रडलं, बारीक, कोंबडीच्या पिलासारखं.

"पोरगी," धाकटी नर्स म्हणाली.

यमुनाला कंबरेखाली भूल होती, वर ती जागी होती. तिनं डोळे मिटले आणि हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

मॅडमनी गर्भपिशवीला टाके घातले. पण रक्त थांबेना. टाक्यांतून नव्हतं ते, खालून येत होतं. सिस्टरांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळंतपणानंतर पिशवीनं आवळून घट्ट व्हायचं असतं, म्हणजे आतल्या रक्ताची तोंडं बंद होतात. दोन दिवस कळा देऊन यमुनाची पिशवी दमली होती. ती ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. मॅडमनी दोन्ही हातांनी तिला चोळलं, दाबलं. घट्ट व्हायची, हात काढला की पुन्हा सैल. सिस्टर इंजेक्शन भरायला धावल्या. रक्त हवं होतं. नवऱ्याच्या रक्ताचा गट जुळला; ते काढायला सिस्टरांनाच जायचं होतं, कारण धाकट्या नर्सला बाळ सोडता येईना.

टेबलाशी उरलो मी आणि मॅडम. मॅडमना दोन्ही बाजूंच्या रक्ताच्या शिरा बांधायच्या होत्या, म्हणजे रक्ताचा जोर कमी होईल. पण पिशवी सोडली की रक्त उसळायचं आणि खालचं काही दिसेना. त्यांना चार हात पाहिजे होते.

त्यांनी माझ्या हातातला पत्रा काढून घेतला. माझा उजवा हात धरून पिशवीच्या मागे घातला, डावा पुढे. माझ्या हातांवर आपले हात ठेवून दाबून दाखवलं, किती जोर लावायचा ते.

"होल्ड," त्या म्हणाल्या. मग मराठीत, माझ्या डोळ्यांत बघून, "थांबला नाही तर काढून टाकायला लागेल. मग मूल परत कधी नाही. आणि काढताना ती राहील का, मला नाही माहीत."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजून दहा मिनिटं.

मी धरलं. गरम, निसरडं, जिवंत असं काहीतरी माझ्या दोन तळहातांमध्ये. मॅडम खाली वाकून दोरा ओवत होत्या. एक बाजू बांधली. दुसरी बाजू बांधायला वेळ लागला. माझी बोटं आधी दुखली, मग जळाली, मग कोपरापर्यंत काही कळेनासं झालं. फक्त तळहातांत कळत होतं. यमुना पडद्यापलीकडून विचारत होती, "बाई, झालं का हो?" मी म्हणत होते, "झालं बघ. तुझी पोरगी कशी रडतीय ऐक." तिचा आवाज हळूहळू लांब जात होता. सिस्टर नवऱ्याच्या रक्ताची बाटली घेऊन आल्या आणि लावली. साडेतीन वाजले. पावणेचार वाजले.

मॅडम सरळ झाल्या. दोन्ही बाजू बांधून झाल्या होत्या. त्यांनी वरून पिशवीवर बोट ठेवून पाहिलं. घट्ट लागत होती. खालचं रक्त थांबलेलं दिसत होतं.

"सोड," त्या म्हणाल्या.

मी सोडलं नाही.

"द्वारका, सोड. झाला."

"नाही, मॅडम."

सिस्टरांनी बाटलीवरची नजर माझ्याकडे वळवली. "द्वारका! मॅडम काय सांगतात, ऐकू येत नाही का?"

"ऐकू येतंय. पण ही वरून घट्ट लागतेय ती माझ्या दाबानं. डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात, अजून मऊ आहे. मी सोडलं की ही पण सोडणार."

"तीन आठवडे झाले नाहीत आणि डॉक्टरांना शिकवतेस?" सिस्टर म्हणाल्या. "पोट किती वेळ उघडं ठेवायचं? अगं, जीव आहे तो! कोपर धरणारी तू, तुला काय कळतंय?"

त्यांचं चूक नव्हतं. पोट उघडं ठेवण्यातही धोका होताच. मी चुकत असते तर एक तारखेची वाटही बघावी लागली नसती. धुण्याचं कामही गेलं असतं, आणि ते जाऊ दे, त्या पोरीचं काय झालं असतं? मला भीती वाटली. फार वाटली. पण माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, त्या कोपऱ्यात, मला तेच लागत होतं जे आयुष्यभर बायकांच्या अंगठ्याच्या मुळाशी लागत आलं होतं. बाहेरून घट्ट, आतून नरम. हजारो हात मी धरले असतील. त्यात मला फसवलेला एकही नव्हता.

"मॅडम," मी म्हटलं, "बोट घाला. माझ्या मधल्या बोटाखाली. मग सोड म्हणा, सोडते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटाखाली आपलं बोट सरकवलं आणि डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले.

"येस," त्या म्हणाल्या. "सॉफ्ट."

सिस्टर इंजेक्शन भरायला वळल्या.

"होल्ड," मॅडम म्हणाल्या. आजवरचे सगळे होल्ड हुकमाचे होते. हा एकटाच तसा नव्हता. त्यात त्या माझ्या हातावर विसंबल्या होत्या, आणि ते मला कळलं, आणि माझ्या बधिर झालेल्या हातांत कुठून कोण जाणे पुन्हा जोर आला.

सिस्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मॅडमनी गरम पाण्यात भिजवलेलं कापड पिशवीवर ठेवलं. मी धरून राहिले. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. यमुना आता बोलत नव्हती, पण सिस्टर तिची नाडी धरून बसल्या होत्या आणि मान हलवून आहे, आहे, असं सांगत होत्या.

मग माझ्या बोटाखालचा तो कोपरा हलला. आतून कोणीतरी मूठ वळावी तसा हळूहळू आवळत गेला. मी जोर कमी केला, तरी तो सैल पडला नाही. आणखी कमी केला. आता पिशवी माझ्या दाबानं घट्ट नव्हती, स्वतःच्या जोरावर होती. मला रडू येत होतं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

"मॅडम, आता," मी म्हटलं.

मॅडमनी हात लावून पाहिलासुद्धा नाही. "सोड," त्या म्हणाल्या.

मी सोडलं. सगळ्या जणी खाली बघत राहिलो. कापड पांढरं होतं, ते पांढरंच राहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

पोट शिवून झालं, यमुनाला खाटेवर नेलं, तिच्या गालावर रंग यायला लागला, तोवर मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. माझी बोटं अर्धवट वळलेली राहिली होती, उघडेनात. सिस्टर साळवे चहा घेऊन आल्या. माझे हात बघितले. मग त्यांनी कप माझ्या तोंडाशी धरला आणि मी घोट घोट चहा प्याले. सगळा चहा संपेपर्यंत त्यांनी कप धरून ठेवला.

बाहेर गिरजाबाईंनी मला बघितलं आणि वाकून नमस्कार केला, बांगड्या भरल्यावर बायका कासाराला करतात तसा. "एक बी वाढू दिली न्हाईस, माय," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळं पोरगी जगली." आत काय झालं ते म्हातारीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. तिच्या हिशेबात बांगड्यांनीच सगळं केलं होतं. म्हटलं, असू दे. तेही हात माझेच होते.

दोन दिवसांनी एक तारीख उजाडली. मी सकाळी थिएटरकडे गेले नाही. धुण्याच्या हौदाशी जाऊन उभी राहिले. रडायचं नाही असं ठरवून आले होते, तेवढं जमत होतं. पहिली चादर भिजवली न भिजवली तोच धाकटी नर्स पळत आली. "सिस्टर बोलावतायत. लवकर."

थिएटरच्या दारात नगरचा माणूस उभा होता. चाळिशीचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. सर्टिफिकेट त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. सिस्टर साळवेंनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि घडी मोडू न देता त्याला परत दिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला कुठं घ्यायचं. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते." मग माझ्याकडे हात केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या नावापुढे बाई लावलं. "या द्वारकाबाई. थिएटर यांच्याकडे आहे. तुम्ही यांच्या हाताखाली. या धरा म्हणाल्या की धरायचं आणि या सांगतील तेव्हाच सोडायचं. मी सांगितलं तरी नाही."

त्या माणसानं माझ्या ओल्या पातळाकडे बघितलं, माझ्या पायांतल्या फाटक्या चपलांकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. त्या थट्टा करत नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं. त्यानं सर्टिफिकेट पिशवीत घातलं.

"काय करू, बाई?" त्यानं मला विचारलं.

मी पदराला हात पुसले आणि त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन उलटसुलट बघितले.

"आधी नखं कापून या," मी म्हटलं.